हरणीची हाक

रंग्या,

तुझ्या नावाचा फलक लावायचा म्हणून मंडळाच्या पोरांनी माझ्याकडून चार ओळी मागून नेल्या. मी लिहून दिल्या. दिलदार मित्र, आवाजाचा बादशहा, कोल्हापूरची शान. फलक गल्लीच्या तोंडाशी लागला, वर तुझा गॉगल घातलेला फोटो आणि खाली माझ्या ओळी. परवा तिथं थांबून त्या वाचल्या आणि लाज वाटली. त्यात तू नव्हतासच. तू त्या फलकासमोर उभा राहिला असतास तर म्हणाला असतास, "ह्यो कोण मेला म्हणायचा? भला माणूस दिसतोय की."

म्हणून हे वेगळं लिहितोय. आपलं एक भांडण अर्धं राहिलं आहे, आणि पाडव्याच्या संध्याकाळी तू मला एक वाक्य बोललास, त्याला मी उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं असं तेव्हा मला वाटलं होतं. पण ते उत्तर नव्हतं.

सुरुवात मात्र मला दुकानापासून करू दे. तिथं आपण दोघेही बरे होतो.

गंगावेशीच्या अलीकडं माझं कॅसेटचं दुकान होतं. तू सकाळी कट्ट्यावर म्हशी उभ्या करून गिऱ्हाइकांच्या समोर धार काढायचास, फेसाळ दूध पेल्यात ओतून पाजायचास आणि ते आटोपलं की रिकामी बादली घेऊन माझ्या काउंटरला टेकायचास. दुकानात उदबत्तीचा वास असायचा. तू आलास की शेणाचा आणि दुधाचा व्हायचा. कॉलेजच्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या. तू त्यांना वाकून म्हणायचास, "म्हशीचा हाय वास, माझा न्हवं. माझा येगळा हाय, पायजे तर दावतो." मी तुला कधी बाहेर बस म्हणालो नाही, एवढंच माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

माझा मावसभाऊ जहाजावर नोकरीला होता. कुठल्याशा बंदरातून त्यानं आणलेल्या कॅसेटी तो मला देऊन गेला होता. त्यातल्या एकीला वेष्टणच नव्हतं. ती लावली तर आत गाणं म्हणावं असं काही नव्हतं. जड ढोल, त्याहून जड बेस, आणि त्यावर एक माणूस. तो गात नव्हता आणि नीट बोलतही नव्हता. ओळ अर्धी सोडून खिदळायचा. मधेच उचकी लागल्यासारखं करायचा. जीभ टाळूला लावून लांबवर घसरत जायचा आणि ठोका पडायच्या नेमका आधी गप्प व्हायचा, जणू पुढची पायरी कुणीतरी काढून नेली आहे. मला वाटलं टेप खराब झाली. मी बंद करायला हात नेला आणि तू माझा हात धरलास.

"थांब रं. हा गडी म्हशी बोलावतोय की."

"इंग्रजीत?"

"म्हशीला कुठलं आलंय इंग्रजी आन् मराठी. आमची आई न्हाय का कानडीत बोलावत."

तुझी आई निपाणीकडची. गोठ्यात ती "बा, बा, बा" करायची, म्हणजे ये, ये, ये, आणि कासेला हात लावायच्या आधी घशातल्या घशात काहीतरी गुणगुणायची. ते तुझ्या कानात लहानपणापासून होतं. त्या कॅसेटमधल्या माणसात तुला ते सापडलं, आणि मला त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही. मला ऐकू यायला तू लागलास.

पुढं मी शोधाशोध केली. ते कुठल्याशा लांबच्या बेटावरचं संगीत, त्याला रेगे म्हणतात हे कळलं. तिकडं बटणं दाबणारा वेगळा, आणि तालावर माईक घेऊन बोलतो, खेळतो, लोकांची फिरकी घेतो, त्याला डीजे म्हणतात. आपल्या डॉल्बीसारख्याच पेट्यांच्या भिंती ते चौकात उभ्या करतात. तबकडीच्या मागच्या बाजूला गाणाऱ्याचा आवाज काढून नुसता ताल ठेवतात आणि त्या मोकळ्या जागेत हा माणूस शिरतो. हे सगळं मी तुला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तिथं ऊस पिकतो हेही सांगितलं. तू बादलीची कडी वाजवत ऐकून घेतलंस.

"ऊस हाय, मोठी पेटारी हायत आन् माणसं वरडून बोलत्यात. मग ते कोल्हापूरच की. मधी समुद्र आलाय, एवढंच."

तू पहिल्यांदा माईक घेतलास तो अपघातानं. कॅसेटीचं दुकान चालेना म्हणून मी पेट्या भाड्यानं द्यायला लागलो होतो. आपल्याच गल्लीतल्या एका साखरपुड्यात मी चुकून तालाची बाजू लावली. गाणं सुरू होऊन गाणारा येईचना. नवऱ्याकडची माणसं माझ्याकडं बघायला लागली. मला घाम फुटला. तू जेवणाच्या पंगतीतून उठलास, हात तसाच खरकटा, आणि माईक डाव्या हातात धरून बोलायला लागलास.

"ओ पिवळं शर्ट, जरा सरका, गाण्यावर सावली पडतीया. काकू, दार लावू नका, कडी तालात वाजतीया. दूध पातळ, पाणी जाड, गवळ्याच्या डोस्क्यावर शेवग्याचं झाड. हुर्र्र, हो, हो, हो, बा बा बा, आल्ली का बघा, न्हाय आल्ली, लाजतीया."

शेवटचं नवरीकडं बघून होतं. ती खरंच लाजली. मांडवात हसू उसळलं आणि मग एकेकजण डुलायला लागला. तो ताल मी पंचवीस वेळा तरी ऐकला असेल, पण त्यात एवढी जागा आहे हे मला त्या दिवशी दिसलं. तू ती जागा भरत नव्हतास. तिच्यात येरझाऱ्या घालत होतास.

तुला मी विचारलं होतं, पहिल्या ठोक्याला तू गप्प का राहतोस. तू म्हणालास, "पयली धार भुईला देत्यात. दुसरीपास्नं बादलीत. ह्यांचंबी तसंच हाय, पयला ठोका भुईला देत्यात." ते खरं की तू मला गंडवत होतास, मला आजही ठाऊक नाही. तुझ्या तोंडावरून ते कधीच कळायचं नाही.

त्यानंतर माझ्या पेट्यांना लोक तुझ्या नावानं बोलवायला लागले. "रंग्या येतोय न्हवं?" एवढाच प्रश्न. तो गावभर पसरला आणि मग गावाबाहेर. मुरगूडच्या जत्रेत कुस्त्यांची नावं पुकारणारा माणूस तुझ्यासारखा "हुर्र्र" करून पैलवानाला आखाड्यात बोलवायला लागला. कबनूरचा एक यंत्रमागवाला मागाच्या खटखटीवर तुझ्यासारखं बोलतो, त्याचा व्हिडिओ तू मला दाखवला होतास. "माझ्यापेक्षा बरा हाय, त्याच्याकडं ताल कवाच थांबत न्हाय," म्हणालास. तुला मत्सर म्हणून नव्हताच. मला होता, तुझ्या वतीनं. कोणी तुझं उचललं की मी चिडायचो. तू म्हणायचास, "मी तरी कुठनं आणलंय? त्या बेटावरल्यानं माझ्या आईचं उचललं, मी त्याचं उचललं."

इथंच आपलं भांडण सुरू होतं.

मी म्हणायचो, तुझा आवाज नीट मुद्रित करून ठेवू. तू म्हणायचास, कशाला. मी म्हणायचो, माणूस जातो, आवाज राहतो. तू म्हणायचास, "आवाज माणसासंगं पायजे. निसता आवाज ठेवून काय करणार, लोणचं?" हे भांडण आपण चहाच्या गाड्यावर, पेट्या चढवताना, रंकाळ्यावर, कुठंही करायचो. त्यात मजा होती. तू कधी माझ्यावर मात करायला भांडला नाहीस. मी मात्र जिंकायला भांडत होतो. वयानं आपण दोघं पन्नाशीकडं आलो, तुझ्या आवाजात थोडी खरखर आली, आणि मला घाई झाली. तू नसशील तेव्हाचं मी आधीच मनात धरलं होतं. त्याचं वाईट वाटतं.

या दिवाळीच्या आधी तू एकदाचा तयार झालास. दुपारी, धारांच्या मधल्या वेळेत, माझ्या गोदामात गाद्या लावून आपण बसलो. ताल मी बसवला होता, जड आणि संथ. तू आलास, पायताण बाहेर काढलंस, आणि माईककडं असं पाहिलंस जसं नव्या म्हशीकडं पाहतात. मग सुरू झालास आणि थांबलाच नाहीस. शेजारच्या पिठाच्या गिरणीला नमस्कार, महापालिकेच्या नळाला शिवी, तुझ्या आईची कानडी, शिंक, खोकला, सगळं तालात. शेवटी कसल्याशा आनंदात तू डोळे मिटलेस आणि तुझ्या घशातून एक हाक निघाली. मी ती तोवर कधीच ऐकली नव्हती. खालून सुरू झालेली, मधे दोन ठिकाणी तुटलेली, आणि शेवटी विचारल्यासारखी वर गेलेली.

तू डोळे उघडलेस आणि लगेच म्हणालास, "ती काढ."

"का रं? त्याच्यात जीव हाय सगळा."

"ती हरणीची हाय. दुसऱ्या कुणाची न्हाय. माईकवर ती मारायची नसती, चुकून निघाली. काढ म्हणजे काढ."

हरणी तुझी लाडकी म्हैस, आणि तुम्हा गवळ्यांत प्रत्येक म्हशीची हाक वेगळी असते हे मला माहीत होतं. रेडकू असल्यापासून ती एकाच माणसानं मारायची. गर्दीत, पाण्यात, कुठंही असली तरी त्या हाकेला ती येते. बाकी आवाज तिच्या लेखी पाऊसवारा. मला हे माहीत होतं, रंग्या. समजलं नव्हतं असं मला म्हणता येत नाही. मी "काढतो" म्हणालो आणि काढली नाही. ऐकताना दर वेळी त्या जागी हात थांबायचा. वाटायचं, याला काय कळतंय आपल्या आवाजातलं. माझ्यासारख्यानं ठेवलं नाही तर हे सगळं शेणात जाणार. मी असंच म्हणालो मनात, याच शब्दांत.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं म्हशी पळवायच्या असतात. हरणीला तू सकाळीच भादरून तेल लावून काळीभोर केली होतीस. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. मोटारसायकलचा सायलेन्सर काढून तू पुढं, मागं ती. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची भिंत. दरवर्षीचंच. मी ट्रॉलीवर पेट्या लावून वळणावर थांबलो होतो. तुला न सांगता तुझं गाणं लावायचं ठरवलं होतं. तू गाडीवरून येशील आणि तुझाच आवाज तुला सामोरा येईल, तुझं तोंड बघण्यासारखं होईल, असं वाटलं होतं.

तू आलास. तुझं तोंड खरंच बघण्यासारखं झालं. तू हसलास, हात वर केलास आणि पुढं गेलास. लोक नाचायला लागले. हरणी तुझ्या मागं, थोड्या अंतरानं, तिच्या चालीत येत होती. ती ट्रॉलीच्या बाजूला आली आणि गाण्यात ती जागा आली.

हरणी वळली. ती उधळली नव्हती. तिला हाक आली आणि ती निघाली, एवढंच. पण मधे माणसं होती. बायका, कडेवर पोरं. लोक किंचाळून मागं सरले. तू मागं वळून पाहिलंस, गाडी टाकलीस आणि पळत येऊन तिच्या आणि लोकांच्या मधे उभा राहिलास. तू तिला हाक मारलीस. तीच हाक. तुझ्या पाठीमागं माझ्या पेट्यांतून तुझाच आवाज, दहापट मोठा. ती तुझ्याकडं आणि पेट्यांकडं एकदमच आली, आणि त्या दोन्हींच्या मधे ट्रॉलीची लोखंडी कड होती.

तिनं तुला शिंग लावलं नाही. तिच्या खांद्यानं तू त्या कडेवर दाबला गेलास. तुझा वास आल्याबरोबर ती जागच्या जागी थांबली. ती थांबली तशी लोकांना हा खेळच वाटला, ते टाळ्या वाजवत होते. माझा हात आवाजाच्या बटणावर होता आणि मी तो आवाज कमी केला नाही, कारण मलाही काही क्षण तो खेळच वाटला.

तू उठलास. पोटाला हात लावून हसलास. "कायबी न्हाय झालं," म्हणालास, हरणीच्या मानेवर थोपटलंस आणि तिला चालवत घरी नेलंस. संध्याकाळी मी तुझ्याकडं आलो तर तू अंगणात खाटेवर बसून चहा घेत होतास. मालनवहिनी आत होत्या. तू माझ्याकडं पाहिलंस. रागानं नाही.

"काढ म्हटलं हुतं की."

मी म्हणालो, "अरे, लोकांनी काय डोक्यावर घेतलंय बघ. गाणं सगळे मागत्यात. पाठवलं बी मी."

तू चहा अर्धा ठेवलास. मला तो कडू झाला असेल असं वाटलं. तुझ्या पोटात रक्त साठत होतं हे आपल्या दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुला दवाखान्यात नेईपर्यंत फार वेळ गेला होता.

एवढंच होतं ते उत्तर. "लोकांनी डोक्यावर घेतलंय." तू शेवटचं जे माझ्या तोंडून ऐकलंस ते हे.

नंतर जे झालं ते तुला सांगायला हवं. सगळ्यांनी ठरवलं की कुणीतरी फटाका टाकला आणि हरणी बिथरली. कुणी फटाका टाकला ते कुणी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांनी ऐकला होता. माझ्याकडं कुणी बोटसुद्धा दाखवलं नाही. उलट तुझ्या मयताला आलेले लोक माझे हात हातात घेऊन म्हणत होते, "शेवटी गाणं तरी करून घेतलंस त्याचं. उपकार केलास." मी मान हलवत होतो.

दोष हरणीला लागला. तुझे दिवस घालून झाल्यावर आजऱ्याचा तुझा मेहुणा वहिनींना म्हणाला, "माणूस खाल्लेली म्हस दावणीला ठेवत न्हाईत, ताई. बाकीच्या ऱ्हाऊ देत, ही घालवू." व्यापारी बघायला येणार असंही ठरलं. अशी म्हैस पाळायला कोण नेतो? ती कुठं जाणार हे तिथं बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. वहिनी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मी तिथंच होतो.

"म्हशीचा दोष न्हाय," मी म्हणालो.

"मग कुणाचा, फटाक्याचा?" मेहुणा म्हणाला.

"गाण्याचा."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं जसं दुःखानं वेड्या झालेल्या माणसाकडं पाहतात. "ओ पावणं, गाण्यानं म्हस बिथरत असती तर कोल्हापुरात एक म्हस दावणीला ऱ्हायली नसती. कानाशी सायलेन्सर काढून गाड्या वाजिवतासा, तवा हलत न्हाईत त्या."

त्याचं बरोबर होतं. ज्यानं ती हाक ऐकली नाही त्याला हे सांगून कळणार नव्हतं. मला दाखवावं लागणार होतं. ते टाळायला मी बरेच दिवस काढले. व्यापारी यायच्या सकाळी मात्र मी वहिनींना म्हणालो, गोठ्यात या. मेहुणाही आला.

हरणी बसली होती. तू गेल्यापासून ती वैरणीला तोंड लावून सोडून देत होती, दूध जवळजवळ आटलं होतं. मी गोठ्याच्या दारात उभा राहून मोबाइल हातात धरला आणि ते गाणं लावलं. ताल सुरू झाला. तिनं कानही हलवला नाही. तू गिरणीला नमस्कार केलास, नळाला शिवी दिलीस. मेहुण्याला हसू आलं आणि त्यानं ते दाबलं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. तू गेल्यानंतर तुझा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग ती जागा आली.

हरणी उठली. एवढं मोठं जनावर एवढ्या झटक्यात उठताना मी पाहिलं नव्हतं. दाव्याला हिसका देत ती दोरी संपेपर्यंत माझ्याकडं आली, मान लांब केली आणि मोबाइलला नाक लावलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग माझा हात, माझी बाही. मग मान वर करून माझ्या मागं दाराकडं पाहायला लागली.

मी गाणं बंद केलं.

वहिनी म्हणाल्या, "ही हाक लोकांपुढं मारायची न्हाई म्हणायचे ते."

"व्हय. मलाबी सांगितलं हुतं. काढ म्हणाला हुता. मी काढली न्हाय, वहिनी."

वहिनी पुढं गेल्या. हरणीच्या कपाळावर हात ठेवून त्या माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. मी वाट पाहत होतो. शिवी दिली असती, हाकलून दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं, आणि तेच मला हवं होतं बहुतेक. म्हैस वाचवायला आलो असं मी स्वतःला सांगत होतो, पण मी माझं ओझं उतरवायलाही आलो होतो.

"व्यापाऱ्याला नको म्हणून सांग," त्या भावाला म्हणाल्या. "ही त्येंच्याकडं निघाली हुती. हिचं काय चुकलं?"

मग मला विचारलं, "भावजी, ते गाणं कुणाकुणाकडं हाय?"

"सगळ्यांकडं," मी म्हणालो.

"म्हंजे आता हिला कुठनंबी हाक येणार."

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, रंग्या. मी इतके दिवस तुझ्याबद्दल, स्वतःबद्दल, वहिनींबद्दल विचार करत होतो, आणि ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

मी मंडळं फिरलो. गाणं तेवढं पुसा म्हणालो. पोरं चांगली आहेत, त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला. "काका, तुम्हीच तर पाठवलंय. आन् त्या शेवटच्या हाकंवर तर सगळी पब्लिक खुळी होतीया." एकानं मला ती हाक मारून दाखवली. हुबेहूब नव्हती, पण जवळ होती. मुरगुडात पोहोचलं आहे, कबनूरच्या त्या मागवाल्यानं त्यावर आणखी एक गाणं केलं आहे. मी मूळ प्रत पुसून टाकली. पावसानंतर छत्री उघडल्यासारखं ते.

तू जिंकलास ते भांडण. हे तुला सांगायचं होतं. आवाज माणसासंगं पायजे. आणि हेही सांगायचं होतं की तू आमच्या सगळ्यांच्या चालण्याबोलण्यात एक मोकळी जागा ठेवून गेलास. मी आजही जिना उतरताना पहिली पायरी मनातल्या मनात सोडतो. ही कृतज्ञता मी माफीच्या शेजारी ठेवू नये, ती त्यामुळं नासते. पण माझ्याकडं दोन्हींसाठी वेगळी जागा नाही.

काल दुपारी मी हरणीसाठी ओल्या वैरणीचा भारा घेऊन गेलो होतो. वहिनी मला येऊ नका म्हणत नाहीत, बसाही म्हणत नाहीत. मी भारा उतरवत होतो तेवढ्यात गल्लीच्या टोकाला वरात आली. माझ्या पेट्या नव्हत्या, दुसऱ्या कुणाच्या तरी. ताल ओळखीचा होता. वहिनींनी हातातलं काम टाकलं आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं, पण त्या दाराला फटी आहेत आणि तो आवाज भिंतीतूनही येतो. मी काहीतरी करायला हवं म्हणून गल्लीत धावलो, हात वर करून. नवऱ्या मुलाच्या मित्रांना वाटलं काका नाचायला आले. त्यांनी मला आत ओढलं.

सुटून परत आलो तोवर ती जागा येऊन गेली होती. हरणी उठून उभी होती, दावं ताणलेलं, कान पुढं, तोंड दाराकडं. वरात पुढं गेली, आवाज रंकाळ्याच्या बाजूला लांब होत गेला, आणि मग ऐकू येईनासा झाला. ती तशीच उभी. वहिनींनी तिच्या गळ्यात हात टाकला.

"बस गं," त्या म्हणाल्या. "न्हाईत ते."

ती बसली नाही.